फोन कर, विचारणार नाही

महाराष्ट्रात गाडीचं लायसन अठराव्या वर्षी मिळतं, बिअर एकविसाव्या वर्षी आणि रम-व्हिस्की पंचविसाव्या वर्षी. शिवाय १९४९ च्या दारूबंदी कायद्यानुसार पिणाऱ्याजवळ परवाना लागतो. तो किती जणांच्या खिशात असतो, हे एखाद्या बारमालकाला खासगीत विचारावं. आमच्या कोल्हापुरापासून गोवा चार-पाच तासांवर, आणि तिथं अठराव्या वर्षीच मुभा. कागदावर सगळं चोख आहे : अठरा ते एकविशीतल्या पोरानं गाडी चालवावी, दारू पिऊ नये. आखाड संपत आला की हा कागद कुठल्या शेतघरात भिजतो, ते पंचक्रोशीला ठाऊक आहे.

आमच्या घरात वाद पेटला तो मात्र दारूवरून नव्हे. माझ्या बायकोनं मुलाला सांगितलेल्या एका वाक्यावरून पेटला. चिरंजीवांना अठरा पूर्ण झालेली, पक्कं लायसन नुकतंच आलेलं. कॉलेजातल्या पोरांची आखाड पार्टी ठरली होती, वाघबीळच्या उतारापलीकडं कुणाच्या तरी शेतावर. मटण, तांबडा-पांढरा, आणि ज्याचा उच्चार घरात होत नाही ते. बायको पोराला म्हणाली, "काही गडबड वाटली, तर किती वाजता पण फोन कर. मी येते. काही विचारणार नाही."

नेमके त्याच वेळी माझे मेव्हणे, म्हणजे बायकोचे दादा, दारात. त्यांचं मोटार ट्रेनिंग स्कूल आहे. अर्ध्या गावाला क्लच कसा सोडायचा ते त्यांनी शिकवलंय. बायको सरकारी दवाखान्यात अपघात विभागात सिस्टर आहे. एक जण पोरांना रस्त्यावर पाठवतो आणि दुसरी त्यांना स्ट्रेचरवरून उतरवून घेते. दोघांचं पटेल ही अपेक्षाच चुकीची.

"काही विचारणार नाही म्हणजे काय गं?" दादांनी चप्पल काढायच्या आत सुरुवात केली. "मग परवानगीच दिलीस की. जा बाळा, पी, आई न्यायला येतीय. माझ्याकडं सोळा वर्षाची पोरं घेऊन बाप येतात. 'नुसतं मैदानावर शिकवा हो' म्हणतात. मी दारातनं परत पाठवतो. १९९ अ माहिती आहे का विचारतो त्यांना."

हे कलम २०१९ च्या दुरुस्तीनं मोटार वाहन कायद्यात आलं. अल्पवयीन मुलानं गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालक किंवा गाडीमालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद आणि पंचवीस हजार दंड, गाडीची नोंदणी बारा महिन्यांसाठी रद्द, आणि पोराला पंचविशीपर्यंत लायसन नाही. दादांच्या ऑफिसात हे फळ्यावर लिहिलेलं आहे, शेजारी 'फी अॅडव्हान्स' अशी पाटी.

"आपला अठराचा झालाय, दादा," बायको म्हणाली.

"मग १८५ आहे. शंभर मिली रक्तात तीस मिलिग्रॅमच्या वर गेलं की पहिल्याच वेळी सहा महिन्यांपर्यंत कैद नाहीतर दहा हजार, नाहीतर दोन्ही. वेलची चघळा, पान खावा, पुदिन्याची गोळी खावा. मशीन तोंडातला वास बघत नाही, छातीतली हवा बघतं. पोराला हे सांग. भीती घाल. तू काय सांगतीयस? मी येते म्हणून!"

"भीती आहे म्हणूनच सांगितलं."

यावर दादांना काही सुचेना. मग तिनं एका रात्रीची हकिकत सांगितली. एक पोरगा आणला होता. मांडीचं हाड मोडलेलं, पँट कात्रीनं कापत होतो, तोंडाला वास. शुद्धीत होता. नाव विचारलं, सांगितलं. घरचा नंबर विचारला तर गप्प. पुन्हा विचारलं, तेव्हा तिचं मनगट धरून म्हणाला, बाबांना फोन नका करू. दुखतंय का, गाडी कुठाय, मागं बसलेल्या मित्राचं काय झालं, यातलं काहीही त्याच्या तोंडून आधी आलं नाही. "त्याच्या बापानं भीती घालण्यात काही कसूर ठेवली असेल असं मला वाटत नाही, दादा. पोरानं किल्ली फिरवली तेव्हा त्याला मरायची भीती नव्हती. घरी उशीर झालेला कळेल, ही होती."

"आणि मागचा?"

"मागच्याला वास नव्हता." एवढंच म्हणून ती चहा टाकायला गेली.

दादा तेवढ्यावर थांबणारे नव्हेत. त्यांनी आवाज चढवून पुणं काढलं. १९ मे २०२४ ची पहाट, अडीचचा सुमार, कल्याणीनगर. सतरा वर्षांच्या मुलाच्या हाती पोर्शे, आणि मोटारसायकलवरचे दोन तरुण इंजिनिअर संपले. पंधरा तासांत जामीन, आणि अटींमध्ये अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध. पुढं रक्ताचा नमुनाच बदलल्याचा आरोप पोलिसांनी ठेवला. डॉक्टर अटकेत गेले, आईबाप अटकेत गेले. "तिथं बाप आला नव्हता का धावून?" दादा स्वयंपाकघराकडं तोंड करून म्हणाले. "ह्या पोरांना पक्कं माहीत असतं, मागनं कुणीतरी निस्तरायला आहे. तुझं वाक्य आणि ते, एकाच माळेचे मणी."

मला वाटतं, या वादातला हा सगळ्यात जड दगड होता. आई-बाप पाठीशी उभे राहतात हे चांगलं की वाईट, याचं उत्तर त्या घटनेनंतर महाराष्ट्रानं ठामपणे दिलं होतं : वाईट. आणि ते देताना कुणाचा आवाज चुकला असं मला आजही वाटत नाही.

बायको कप घेऊन बाहेर आली. "मी जायचं म्हणते ते त्यानं किल्ली लावायच्या आधी. नंतर नाही. गाडी सुरू करून कुणाला उडवलं आणि मग मला फोन केला, तर मी पण जाईन. पण पोलिसांच्या आधी नाही, आणि वकील घेऊन नाही. रक्त द्यायला लावीन. हे पण त्याला सांगितलंय, ते तू ऐकलं नाहीस. तू तोवर गाडी लावत होतास."

दादांनी माझ्याकडं पाहिलं. "दाजी, तुम्ही तरी सांगा की हिला."

मी सांगितलं ते त्यांना फारसं आवडलं नाही. हे वाक्य माझ्या बायकोनं शोधलेलं नाही. अमेरिकेत मॅसेच्युसेट्स राज्यात वेलंड नावाचं गाव आहे. तिथल्या शाळेत रॉबर्ट अनास्तास नावाचे शिक्षक होते. त्यांचे दोन विद्यार्थी मोटार अपघातांत गेले. १९८१ मध्ये त्यांनी मुलांना घेऊन 'स्टुडंट्स अगेन्स्ट ड्रायव्हिंग ड्रंक' ही संघटना काढली आणि एक करारनामा छापला. मुलगा सही करतो : मी प्यायलो असेन किंवा चालवणारा प्यायला असेल, तर घरी फोन करीन. पालक सही करतो : कुठल्याही वेळी, कुठंही येईन, त्या वेळी प्रश्न नाही की भांडण नाही, आपण नंतर बोलू; आणि मी स्वतः प्यालो तर चालवणार नाही. तिथंही नेमका दादांचाच आक्षेप घेतला गेला, की ही पिण्याला मूक संमती आहे. पुढं १९९७ मध्ये संघटनेनं नाव बदलून नशा आणि इतर घातक निर्णयांपर्यंत विषय वाढवला.

"'त्या वेळी' म्हणालात," दादांनी बरोबर पकडलं. "म्हणजे नंतर विचारायचंच. मग ही 'विचारणार नाही' असं सरसकट का सांगती?"

"विचारीन की," बायको म्हणाली. "दुसऱ्या दिवशी दुपारी. जेवण झाल्यावर."

"तोवर पोरगं मोकळं!"

"तोवर पोरगं जिवंत."

असं टाळीचं वाक्य ती सहसा बोलत नाही. आणि मला वाटतं, ते पुरेसंही नाही. कारण दादांची शंका नुसती हटवादी नव्हती. ते म्हणत होते, पोराला दोन गोष्टी एकदम सांगितल्या, 'पिऊ नको' आणि 'प्यालास तर असं कर', तर त्याला दुसरीच ऐकू येते. शिकवताना ते कधीच दोन सूचना एकदम देत नाहीत. नवा माणूस गिअर टाकतो तेव्हा त्याचं सगळं लक्ष गिअरमध्ये असतं, आरसा गेलेला असतो. आपण चालवतो तेव्हा हात-पाय आपोआप चालतात. त्याचं प्रत्येक काम डोक्यातून येतं. "आणि दारू पहिल्यांदा डोकंच घेती. म्हणून म्हणतो, नवशिक्याला एक थेंब पण नको. चालवणं पण नवं, पिणं पण नवं."

"आणि जुन्याला चालतंय?" बायकोनं विचारलं. "मिरजेच्या लग्नातनं येताना गाडी कुणी चालवली होती, दादा?"

दादांनी कप खाली ठेवला. "तीस वर्षांचा हात आहे माझा."

"त्या करारात पालकाची पण एक अट आहे म्हणे, हे सांगतात त्यात. मी स्वतः प्यालो तर चालवणार नाही, अशी. ती तू वाचलीस का?"

वाचायचा प्रश्नच नव्हता, मी नुकतीच सांगितली होती. पण खोली जरा वेळ गप्प होती. दादांनी मग विषय पट्टीवर नेला. हे त्यांचं नेहमीचं : कोंडी झाली की वर्गातलं प्रात्यक्षिक. पोराला हाक मारली, त्याची तीस सेंटीमीटरची पट्टी मागितली. "बोटं अशी धर, चिमटीसारखी. शून्य खाली. मी सोडली की पकड." सोडली. पोरानं अठरावर पकडली. पुन्हा सोडली, सोळावर. "बघा. हे सेकंदाच्या पाचव्या हिश्श्यात झालं. कारण त्याला माहिताय की पट्टी पडणार आहे, आणि नुसती बोटंच मिटायची आहेत. रस्त्यावर म्हैस येणार हे कुणी सांगत नाही. बघायचं, ठरवायचं, पाय ॲक्सिलरेटरवरनं उचलून ब्रेकवर न्यायचा, शुद्धीतल्या माणसाला पण सेकंदभर लागतो. साठच्या स्पीडला सेकंदात सतरा मीटर गाडी जाती, ब्रेक लागायच्या आधी. त्यात अर्धा सेकंद वाढला की आणखी आठ मीटर. म्हैस आठ मीटर मागं सरकत नाही."

मग पट्टी हातातून सोडताना मोबाईल दाखवला आणि विचारलं, "आज वार कोणता?" पोराची चिमटी मिटली तेव्हा पट्टी फरशीवर होती.

बायकोला दादांचा हा खेळ आवडला, हे तिच्या चेहऱ्यावरून दिसत होतं. पण तिला वेगळाच हिशेब मांडायचा होता. पोरं म्हणतात, एकच बाटली घेतली, लिंबूपाणी प्यालो, ओकून टाकली, तोंडावर गार पाणी मारलं, उतरली. तिनं एक कागद घेतला. साडेसहाशे मिलीची स्ट्राँग बिअर, आठ टक्के. म्हणजे बावन्न मिली शुद्ध अल्कोहोल, वजनानं एक्केचाळीस ग्रॅम. साठ किलोच्या पोरानं उपाशी पोटी, घाईनं प्याली तर रक्तात शंभर मिलीमागं शंभर मिलिग्रॅमच्या आसपास जाते. लिव्हर तासाला पंधराच्या आसपास उतरवतं. कॉफीनं, लिंबानं, आंघोळीनं त्याचा वेग वाढत नाही; पोरगं जागं राहतं, शुद्धीवर येत नाही. "रात्री दहाला बाटली संपवली तर तीसच्या खाली यायला पहाटेचे तीन वाजत येतात. दोन संपवल्या तर सकाळचे नऊ वाजून जातात. क्लासची वेळ. तोवर झोपून उठलेला असतो, दात घासलेले असतात, आणि चुकून कुणाला संशय येत नाही. त्याला पण नाही."

दादा कागदावर वाकले. "एका बाटलीला तीन वाजतात?"

"अंदाजानं. पोटात मटण असेल तर थोडं वेगळं. कुणाच्या अंगात किती, ते माणसागणिक बदलतं. पण घड्याळ तेवढंच हळू चालतं."

"आमच्याकडं तर म्हणतात मटण खाल्लं की उतरती."

"चढायला उशीर लागतो. उतरली असं होत नाही."

झोपेचं एक वाक्य माझंही घुसवतो, कारण दोघांनी ते वगळलं. सतरा-अठरा तास सलग जागलेल्या माणसाचा हात जवळपास पन्नास मिलिग्रॅमवाल्या माणसासारखा चालतो, असं ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात दिसलंय. आपल्या कायद्याची मर्यादा तीस. सकाळी सहाला उठून कॉलेज करून, रात्री दोनला पार्टीवरून निघणारं पोरगं थेंबभर न पिताही त्या ओळीच्या पलीकडं असू शकतं. आणि त्याला फुंकर मारायला सांगणारं मशीन अजून कुणी दिलेलं नाही. सर्दीच्या काही गोळ्यांनी येणारी गुंगीही यातलीच. पण आखाडाच्या वादात झोप आणि सर्दीला कोण विचारतो.

इतका वेळ गप्प असलेलं पोरगं तेव्हा बोललं. पट्टी अजून त्याच्या हातात होती.

"तुम्ही दोघं पण मी पितो की नाही ह्यावरच भांडताय. मी पीत नाही. खरं सांगतो, मला ती कडू लागते. पण मी जाणार कशावर? आमच्याकडं तिघांच्याच गाड्या. मी मागं बसणार. चालवणारा प्यालेला असेल तर त्याला मी काय म्हणू? 'उतर' म्हटलं तर म्हणतो, चालत ये मग. सगळे हसतात. हे मला कुणी सांगतच नाही."

मला हे पोराचं बोलणं वादातलं सगळ्यात खरं वाटलं, आणि ते त्याचं कौतुक म्हणून म्हणत नाही. आपण सगळे चालवणाऱ्याशी बोलत असतो. कायदा त्याच्याशी बोलतो, मशीन त्याच्या तोंडाला लागतं, पोर्शेच्या बातम्याही चालवणाऱ्याच्या. महाराष्ट्रातल्या बहुतेक पोरांच्या नशिबी पोर्शे नाही, मित्राच्या गाडीचं मागलं सीट आहे. ट्रिपल असेल तर मधलं. मागच्याला हेल्मेट नसतं, हँडल नसतं, ब्रेक नसतो. असतं फक्त मत, आणि ते मांडायला रात्री एक वाजता वाघबीळच्या उतारावर ऐकणारं कुणी नसतं.

बायको म्हणाली, "म्हणूनच फोन कर म्हटलं ना."

"सगळ्यांसमोर आईला फोन? आई, ह्यानं प्यालीय, मला न्यायला ये?" पोरानं असा आवाज काढला की तीही हसली.

इथं दादा पुढं सरकले, आणि मला पहिल्यांदा वाटलं की कडक माणसाचा घरात काहीतरी उपयोग असतो. "आईचं नाव घेऊ नको. माझं घे. म्हणायचं, मामानं दम दिलाय, रात्री दहानंतर दुसऱ्याच्या गाडीवर दिसलास तर लायसन काढून घेतो, तो आरटीओत ओळख असलेला माणूस आहे, डोकं फिरलेलं आहे. मला शिव्या घाल हवं तर. पोरं हसतील ती मामाला."

"तुझी खरंच ओळख आहे आरटीओत?"

"तीस वर्षं पोरांना आठ काढायला लावतोय तिथं. नुसता चहावाला ओळखतो, पण हे त्यांना कशाला सांगायचं?"

बायकोला तो तोडगा पटला, पण निम्माच. तिचं म्हणणं, दुसऱ्या पोराचं काय? दादांसारखा मामा सगळ्यांना नसतो. आई रात्री दोनला कुठून येणार, जिच्याकडं स्कूटरपण नाही? तिच्या वॉर्डात येणाऱ्या बायका शेअर रिक्षानं येतात आणि पहाटेपर्यंत बाकावर बसतात. त्यांच्या पोरांना 'फोन कर' म्हणण्यात काय अर्थ? तिचं मत, गल्लीतला एक ओळखीचा रिक्षावाला ठरवून ठेवायचा, पैसे नंतर. किंवा सोपं म्हणजे शेतावरच झोपायचं. पोरं गाद्या नाहीत म्हणून निघतात, घाई म्हणून नाही. ज्याच्या शेतावर पार्टी, त्याच्या बापाला दोन-तीन घरांतून आधीच सांगायचं की पोरं सकाळीच निघतील, गाड्यांच्या किल्ल्या तुमच्याकडं ठेवा.

"सकाळी नऊनंतर," दादा म्हणाले. त्यांना हिशेब लक्षात होता.

"सकाळी नऊनंतर," ती म्हणाली.

पण मूळ वाक्यावर दादा हलले नाहीत. न विचारणं त्यांच्या स्वभावातच नाही. न विचारता क्लच दाबणाऱ्याला ते आजवर सोडत आले नाहीत, भाच्याला का सोडतील? मी येईन, पण गाडीतच विचारीन, आणि खणखणीत विचारीन, असं त्यांचं म्हणणं. बायकोचं म्हणणं, मग तो तुला फोनच करणार नाही. दोघांनी हे तीन-चार वेळा वेगवेगळ्या शब्दांत एकमेकांना सांगितलं. बाहेर पाऊस लागला होता. मी मधे पडलो नाही. बायको आणि मेव्हणा भांडत असताना दाजीनं गप्प बसावं, हा कोल्हापूरचा जुना नियम आहे.

शेवटी दादांनी तिला एक प्रश्न केला, जो आमच्यापैकी कुणालाच सुचला नव्हता. "तुला वाघबीळचा उतार रात्री पावसात येतो का गं? शेवटची रात्रीची गाडी कधी चालवलीस?"

तिला उत्तर देता आलं नाही. ती दिवसा, बाजारापर्यंत, असा हात आहे तिचा, आणि तो त्यांनीच शिकवलेला.

"मग तू येती म्हणून काय सांगतीस त्याला? एक तर वर जाशील, नाहीतर वॉर्डात जाशील." दादा पोराकडं वळले. "माझा नंबर लावून ठेव. शाळेची गाडी आणतो, डबल ब्रेकची. किती जण आहात?"

"सहा."

"गाडीची मंजुरी पाचाची, ड्रायव्हर धरून. चौघं आत. दोन खेपा होतील."

"दादा," बायको म्हणाली, "आणि विचारणार?"

दादा छत्री उघडायला लागले होते. "पहिल्या खेपेला गप्प बसतो. दुसऱ्या खेपेला राहतील ते दोघं, त्यात ह्याला ठेवतो, आणि मग विचारतो."